फॉरमॅट मारण्यापूर्वी

गावात कुणाचा कॉम्प्युटर हळू चालू लागला की चार माणसे एकच सल्ला देतात, "फॉरमॅट मारा." डोके दुखले तर बाम चोळा म्हणावे, इतक्या सहज सांगतात. सांगणारा आपल्या वाटेने जातो. मागे कॉम्प्युटरवाल्याचे काय होते, ते आम्ही ह्या पाठात सांगणार आहोत. आमचे झालेले आहे, म्हणून सांगतो.

आधी फॉरमॅट कशाला मारावा लागतो ते पाहू.

कॉम्प्युटर म्हणजे लोखंड, तारा आणि पडदा. त्याला स्वतःचे काही कळत नाही. घरात बैल आहेत, औत आहे, गडी आहेत. पण कुणी कुठे जायचे हे सांगणारा कारभारी नसेल तर शेत पेरले जाईल का? कॉम्प्युटरलाही असा एक कारभारी लागतो. तुम्ही बटण दाबले की तो अक्षर पडद्यावर आणतो. कागद छापायचा असला की छापयंत्राला हुकूम करतो. कुठली वस्तू कुठे ठेवली, हे त्यालाच ठाऊक. ह्या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. नाव लांबलचक आहे. दोनदा मोठ्याने वाचा, म्हणजे जिभेवर बसेल.

आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरांत हा कारभारी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा असतो. त्याचे नाव विंडोज. त्याच्या पिढ्या आहेत. विंडोज ७ ही पिढी २००९ साली आली, विंडोज १० ही २०१५ साली, आणि विंडोज ११ ही २०२१ साली.

हा कारभारी कधी कधी बिघडतो. लोकांचे पेनड्राइव्ह लावून लावून व्हायरस शिरतो. व्हायरस म्हणजे कुणी मुद्दाम लिहिलेली वाईट हुकमांची यादी. कधी मधेच वीज जाते आणि कारभाऱ्याच्या वहीची पाने खराब होतात. मग यंत्र धापा टाकते, नाही तर उघडतच नाही. अशा वेळी जुना कारभारी काढायचा आणि नवा बसवायचा. ह्यालाच लोक "फॉरमॅट मारणे" किंवा "विंडोज टाकणे" म्हणतात. खरे तर फॉरमॅट म्हणजे फक्त जागा साफ करणे. पण दोन्ही कामे बरोबरच होतात, म्हणून नाव एकच पडले.

नवा कारभारी कुठून आणायचा? पूर्वी कॉम्प्युटर विकत घेतला की खोक्यात कंपनीची एक चकचकीत तबकडी मिळे. काही कंपन्या तबकडी देत नसत, ती आपणच पहिल्या दिवशी बनवून ठेवायची असे. आपण तिला सीडी म्हणतो. बहुधा ती डीव्हीडी असते. दिसायला दोन्ही सारख्या. पण साध्या सीडीत ७०० एमबी एवढे मावते, आणि डीव्हीडीत ४.७ जीबी, म्हणजे सुमारे साडेसहा पट. तबकडीवर अतिशय बारीक खळग्यांची एक ओळ असते. ती मधून सुरू होते आणि गोल गोल फिरत काठाकडे जाते. यंत्रातला उजेडाचा बारीक किरण ते खळगे वाचतो. तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचता ना, तसेच.

ह्या तबकड्या दोन जातींच्या असतात. हा भेद ध्यानात ठेवा. आमचे सारे नुकसान ह्या एका भेदापायी झाले.

पहिल्या जातीच्या तबकडीत नुसते विंडोज असते, वर कंपनीचे नाव छापलेले. ती तुम्हांला विचारते, कुठे बसू? तुम्ही दाखवाल तिथे बसते. दुसऱ्या जातीच्या तबकडीत कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा अख्खा कॉम्प्युटर साठवलेला असतो. ती फारसे विचारत नाही. कोठार पहिल्यापासून साफ करते आणि पहिल्या दिवसाचा नमुना जसाच्या तसा मांडते. शेत नव्याने नांगरताना उभे पीकही खाली जावे, तशातली गत.

आता आमची गोष्ट.

आमच्या प्रौढ वर्गात एक आजी येत. वय सत्तरीच्या पुढे. अक्षर ओळखायला त्यांना चार महिने लागले, पण जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ. २०१५ च्या दिवाळीत आम्ही वर्गाच्या कॉम्प्युटरला माइक लावला आणि त्यांना गायला बसवले. आजी हसून म्हणाल्या, "मास्तर, जातं न्हाई तर गळा कसा चालंल?" मग दोन पोरांनी जाते उचलून आणले. आजींनी एक हात खुंट्यावर ठेवला, आणि जात्याच्या घरघरीसकट बावीस ओव्या कॉम्प्युटरात भरल्या गेल्या.

पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला. प्रत्येक फाइलीच्या जागी बाण काढलेले चित्र दिसू लागले. कंपनीची तबकडी आमच्या ट्रंकेत होतीच. एका जाणत्याने सांगितले, "सीमधलं जातं मास्तर, डीमधलं ऱ्हातं. सगळं डीमध्ये टाका अन् मारा फॉरमॅट."

सी आणि डी म्हणजे काय? कॉम्प्युटरात सामान ठेवायचे कोठार असते, त्याला हार्ड डिस्क म्हणतात. एकाच कोठारात मधे भिंत घालून दोन खण करतात. एका खणाचे नाव सी, दुसऱ्याचे डी. कारभारी सीमध्ये राहतो. पहिल्या जातीची तबकडी असेल आणि तुम्ही तिला फक्त सी दाखवलात, तर डीमधले सामान राहते. तो जाणता खोटे बोलला नाही. पण आमची तबकडी दुसऱ्या जातीची होती. तिने मधली भिंतच पाडली.

पडद्यावर इंग्रजीत सूचना आली होती, की ह्या डिस्कवरचे सारे पुसले जाईल. आम्हांला इंग्रजी वाचता येते. जन्मभर पोरांना शिकवले. पण त्या दिवशी आम्ही सूचना वाचली नाही. उन्हाची वेळ होती, घाई होती, ओके दाबले.

श्रावणात आजी वारल्या. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा वर्गात आला. खिशातून नवा पेनड्राइव्ह काढून त्याने टेबलावर ठेवला. म्हणाला, "आईचा आवाज द्या मास्तर. बहिणीला ऐकवायचाय." आम्ही कॉम्प्युटर उघडला. डीमध्ये गेलो. तिथे काही नव्हते. तोवर आम्हांला ते ठाऊकही नव्हते. मुलगा काही बोलला नाही. बाहेर पायरीवर जाऊन बसला.

आम्ही ती हार्ड डिस्क तालुक्याच्या गावी एका कारागिराकडे नेली. त्याने विचारले, "फॉरमॅटनंतर कॉम्प्युटर वापरलात का?" वापरला होता. अडीच महिने. तो म्हणाला, पुसलेले लगेच नाहीसे होत नाही. फक्त वहीतली नोंद खोडली जाते. सामान काही काळ तिथेच पडून असते. पण त्या जागेवर नवे सामान ठेवले की जुने कायमचे गेले. त्याला वर्गाचे काही फोटो सापडले. आवाज सापडला नाही.

तेव्हा कधी चुकून असे झालेच, तर यंत्र त्या क्षणी बंद करा आणि जाणत्या माणसाकडे न्या. मधे एक अक्षरही लिहू नका. ह्याची दुसरी बाजूही आहे, बरे का. जुना कॉम्प्युटर विकताना नुसता फॉरमॅट मारून देऊ नका. तुम्हांला जे सापडत नाही ते लबाड माणसाला सापडू शकते. सातबारा, आधार, बँकेचे कागद त्यात असतात.

दोन वर्षांनी, २०१९ च्या जानेवारीत, गावच्या दूध संस्थेचा कॉम्प्युटर अडला. त्यात प्रत्येकाच्या दुधाचे लिटर, फॅट आणि दहा दिवसांची बिले होती. चिटणीस आमच्याकडे आले. "मास्तर, कंपनीची सीडी हाय. टाकू का?" आम्ही म्हटले, "सीडी खिशात ठेवा. आधी सामान बाहेर काढू."

सामान बाहेर काढणे म्हणजे त्याची नक्कल ह्या कॉम्प्युटरच्या बाहेर, दुसऱ्या वस्तूवर करणे. पेनड्राइव्ह चालतो, बाहेरची हार्ड डिस्क त्याहून बरी. चिटणिसांनी पडद्यावरचे दूध हिशोबाचे चित्र उचलून पेनड्राइव्हवर टाकले आणि म्हणाले, "झालं." आम्ही त्यांना त्या चित्राच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाखवला. हा व्हायरस नव्हे, विंडोजचीच खूण आहे. असा बाण असला तर ते चित्र म्हणजे दारावरची पाटी. पाटी उचलून नेली तर घर थोडेच बरोबर येते? खरा हिशोब सी खणात त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेत होता. प्रोग्राममध्येच "बॅकअप" असे एक बटण होते. ते दाबून नक्कल काढली. शिवाय तो सगळा फोल्डरही उचलला. दोन पेनड्राइव्हवर दोन नकला केल्या.

मग डेस्कटॉपवरचे कागद घेतले. लोक सर्वांत जास्त कागद तिथेच ठेवतात, आणि डेस्कटॉप असतो सी खणात. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हेही बघितले. डीमधलेही सारे घेतले. तबकडी कुठल्याही जातीची असो, डीवर विसंबू नका.

मराठी कागदांची एक गंमत आहे. पुष्कळ जुने अर्ज आणि याद्या श्री-लिपि किंवा सी-डॅकच्या जुन्या अक्षरांत लिहिलेल्या असतात. ह्या अक्षरवळणांना फॉन्ट म्हणतात. फॉरमॅटनंतर ते फॉन्ट जातात, आणि तुमचा ठराव उघडला की पडद्यावर नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे दिसतात. माणूस घाबरतो, फाइल खराब झाली म्हणतो, पुसून टाकतो. फाइल चांगली असते. फॉन्ट परत बसवला की मराठी परत दिसते. म्हणून फॉन्टचीही नक्कल घ्या. युनिकोड पद्धतीने लिहिलेल्या मराठीला हा त्रास नाही, ती विंडोज ७ मध्ये आपोआप दिसते.

सगळे घेऊन झाल्यावर आम्ही पेनड्राइव्ह काढला आणि तलाठी कार्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला. तिथल्या कॉम्प्युटरवर चार फाइली उघडून पाहिल्या. चिटणिसांना वाटले, मास्तर उगाच वेळ घालवतात. पण न उघडलेली नक्कल ही झाकण न काढलेल्या बरणीसारखी. आत लोणचे आहे की बुरशी, कुणाला ठाऊक? आणि खरेच, एका पेनड्राइव्हवरची नक्कल अर्धीच निघाली. परत येऊन ती पुन्हा केली.

एखादा कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर? तरीही सामान निघते. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडतात. किंवा लिनक्स नावाचा दुसरा एक फुकट कारभारी आहे, तो तबकडीवरूनच चालतो. त्याला तात्पुरता उभा करून कागद काढून घेतात. दुकानदाराला सांगा, "आधी डेटा काढा." डेटा म्हणजे आपले सामान. हा एक शब्द तरी पाठ करा.

मग तबकडीचा दिवस आला.

विजेचे वेळापत्रक बघितले. अर्ध्यात वीज गेली तर जुना कारभारी गेलेला आणि नवा अर्धाच आलेला, अशी दशा होते. आम्ही यूपीएस लावला आणि सकाळची वेळ धरली. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसावे.

तबकडी काठाला धरावी. धूळ असेल तर मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसावी. गोल पुसू नये. खळग्यांची ओळ गोल असते, त्यामुळे गोल चरा पडला तर तो ओळीवरून लांबवर जातो आणि सलग पुष्कळ मजकूर बिघडतो. सरीला आडवी गेलेली गाडी प्रत्येक सरीचे थोडे थोडे मोडते. सरीतून चाललेली गाडी ती सरी संपवते.

तबकडी आत घातली, यंत्र बंद करून सुरू केले. सुरू होताच एक बटण टपटप दाबायचे असते. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक यंत्रांवर एफ १२; एचपीवर बहुधा एस्केप किंवा एफ ९. मग यादी येते. तीत सीडी किंवा डीव्हीडीची ओळ निवडायची. पडद्यावर एक इंग्रजी ओळ येते, "प्रेस एनी की", म्हणजे कुठलेही बटण दाबा. ती काही सेकंदच राहते. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

इथे एक फसगत आहे. थोडे काम झाले की यंत्र आपोआप बंद होऊन परत सुरू होते, आणि तीच ओळ पुन्हा दिसते. आता बटण दाबायचे नाही! दाबले तर सारे काम परत आरंभापासून सुरू होते. आमचा एक विद्यार्थी असा दुपारपर्यंत गोल फिरत बसला होता.

संस्थेची तबकडी पहिल्या जातीची होती. तिने विचारले, "अपग्रेड की कस्टम?" नवे बसवायचे असेल तर कस्टम. मग खणांची यादी आली. पण त्या यादीत सी, डी अशी नावे नसतात. फक्त आकडे असतात, कुठला खण किती जीबीचा. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही खणांची मापे कागदावर लिहून ठेवली होती. चिटणीस कागद हातात धरून उभे, आणि आम्ही पडद्यावरचा आकडा वाचतोय. असे दोघांनी मिळून खण ओळखला. एकाने एकट्याने हे काम करू नये असे आमचे मत झाले आहे. पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे. समजले नाही तर थांबावे. कॉम्प्युटर वाट बघायला कंटाळत नाही.

पुढे तासभर वाट पाहणे. यंत्र दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होते. शेवटी ते नाव विचारते, आणि वेळ कुठली लावू म्हणून गावांची यादी दाखवते. तीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी एक ओळ आहे. तीच आपली.

नवा पडदा आला. चिटणीस खूश. पण अक्षरे जाडजूड, आवाज नाही, इंटरनेट नाही. आम्ही म्हटले, "अजून ड्रायव्हर टाकायचे राहिलेत." दारातून एक दूधवाला म्हणाला, "आता ह्याला गाडी बी चालवायला यायची का?" सगळे हसले. हा ड्रायव्हर वेगळा. नव्या कारभाऱ्याला घरातली प्रत्येक वस्तू कशी चालवायची, हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे ड्रायव्हर. आवाजाची एक चिठ्ठी, छापयंत्राची एक. पहिल्या जातीच्या तबकडीबरोबर ह्या चिठ्ठ्यांची निराळी तबकडी असते. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवाव्यात. इंटरनेटचा ड्रायव्हर तर आधी हवाच. नाही तर बाकीचे आणायला वाट उरत नाही.

यंत्राच्या पाठीवर एक चिकटपट्टी असते, तीवर पंचवीस अक्षर-आकड्यांची किल्ली छापलेली असते. त्याच कंपनीच्या यंत्रावर त्याच कंपनीची तबकडी टाकली तर बहुधा किल्ली विचारली जात नाही. तरी ती वहीत उतरवून घ्यावी. चिकटपट्टी हात लागून पुसट होते.

सामान परत ठेवण्याआधी व्हायरस शोधणारा प्रोग्राम बसवला आणि पेनड्राइव्ह तपासला. जुन्या पेनड्राइव्हमधूनच जुना रोग परत यायचा. मग दूध हिशोबाचा प्रोग्राम, मग त्याचा बॅकअप. चिटणिसांनी पहिले बिल आपल्याच खात्याचे उघडले. आकडा जुळला.

आता काळ पुढे गेला आहे. विंडोज ७ ची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ट्रंकेतल्या जुन्या तबकडीने विंडोज ७ अजून बसेल, पत्रे लिहायला चालेल. पण त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. त्याच्या भिंतीला पडलेली भोके आता कुणी बुजवत नाही.

नव्या कॉम्प्युटरांबरोबर तबकडी येत नाही. पुष्कळांत ती घालायला जागाही नसते. नमुना आतच एका लपलेल्या खणात असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये "रीसेट धिस पीसी" असा पर्याय आहे. तो दोन गोष्टी विचारतो: "कीप माय फाइल्स", म्हणजे माझे कागद ठेव, आणि "रिमूव्ह एव्हरीथिंग", म्हणजे सगळे काढ. पहिला पर्याय घेतला तरी बाहेरून बसवलेले प्रोग्राम जातातच. कागद राहतात, पण आम्ही त्याआधीही बाहेर नक्कल करतो. हार्ड डिस्क खुद्द मेली तर आतला लपलेला नमुना तिच्याबरोबरच मरतो. म्हणून यंत्र चांगले असतानाच एक पेनड्राइव्ह त्यासाठी तयार करून ठेवावा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तो बनवता येतो, आणि त्याला निदान आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. त्या पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते पुसले जाते, तेव्हा तोही आधी उघडून पाहा.

आजींच्या ओव्यांपैकी पाच ओव्या त्यांनी स्वतः वहीत लिहिल्या होत्या. ती रेघी वही वर्गातच होती. अक्षर मोठे, काना कुठे कुठे सुटलेला. आम्ही वही त्यांच्या मुलाला दिली. त्याआधी तिच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक वर्गात आहे, दुसरी आमच्या घरी.